दसऱ्याचं ब्रेक ऑइल

बाबा,

आज क्लासला दुपारची बॅच नाही. बारावीच्या पोरांची कॉलेजात प्रॅक्टिकलं चालू आहेत, त्यामुळे वर्ग रिकामा आहे आणि पंखा उगाच फिरतोय. तुम्ही अमरावतीचा हा वर्ग कधी आतून पाहिला नाही. एकदा खाली गल्लीपर्यंत आला होतात, वर खिडकीकडे पाहिलंत आणि "एवढे पोट्टे कोंबले काय रे एका खोलीत?" असं विचारून तसेच अकोल्याला परत गेलात. त्याच खोलीत बसून लिहितोय. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं कधी सुचलं नाही, आणि आता बसलोय तर बातमी ही, की आई गेली. दिवाळीच्या आधी गेली. अकोल्याच्या दवाखान्यात, बाराव्या दिवशी. पण लागलं ते तुमच्या गाडीत, माझ्या शेजारच्या सीटवर, आणि गाडी मी चालवत होतो.

सगळे म्हणतात, ब्रेक अचानक फेल झाला. पंचनाम्यात तसंच लिहिलंय, ताई येणाऱ्या-जाणाऱ्यांना तसंच सांगते, आणि कोणी विचारलं की मीही मान हलवतो. तुम्ही असता तर या 'अचानक' शब्दावरच तुमचं डोकं फिरलं असतं. कोणी गिऱ्हाईक गाडी ओढत गॅरेजवर आणायचं आणि म्हणायचं, "मिस्त्री, एकदम ब्रेकच गेला ना बाप्पा!" की तुम्ही हातातला पाना खाली ठेवायचात. "एकदम कायले जाईन? महिनाभरापासून सांगून राहिला असन तुले. तू आयकलं नसशीन." मग ते गिऱ्हाईक ओशाळं हसायचं आणि म्हणायचं, हो, जरा मऊ लागत होता खरा. प्रत्येक वेळी हेच. लहानपणी मला वाटायचं, बाबांना मनातलं ओळखता येतं. आता कळतं की त्यात ओळखण्यासारखं काही नव्हतं. माणसं तशीच असतात, आणि मी त्यांच्याहून वेगळा निघालो नाही.

अकोल्यात इंजिनाचे मिस्त्री पुष्कळ होते. तुम्ही तेवढे फक्त ब्रेकचं काम धरून बसलात आणि त्यात आयुष्य काढलंत. दसऱ्याचंच घ्या ना. आपल्या रस्त्यावरची सगळी गॅरेजं सकाळी आठलाच धुऊन-पुसून तयार व्हायची. पाने, जॅक, पंप फळीवर मांडले, हळद-कुंकू वाहिलं, गाड्यांना झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, की झाला त्यांचा दसरा. आपल्याकडे दुपारपर्यंत पूजेचं नाव नाही. आपली गाडी जॅकवर, चारी चाकं काढलेली, आणि तुम्ही खाली चिंधी अंथरून आडवे. वर्षाचं जुनं ब्रेक ऑइल काढायचं, नवा डबा फोडायचा, चारी चाकांतली हवा काढायची, चाकं बसवायची, आणि मगच आंघोळ करून हार घालायचा. शेजारचे मिस्त्री चिडवायचे, "सनाच्या दिवशी तरी सुट्टी द्या त्या गाडीले." तुमचं ठरलेलं उत्तर, "आधी काम, मंग हार." डब्यात उरलेलं तेल पुढच्या वर्षी तुम्ही कधी वापरलं नाही. उघडा डबा हवेतलं पाणी धरतो म्हणायचात, आणि उरलंसुरलं गंजलेल्या नटांवर ओतून संपवून टाकायचात. बोनेटखालच्या टाकीतलं तेल खाली गेलेलं दिसलं तर वरून ओतायला तर सक्त मनाई. "तेल का हवेत उडते? कुठं गेलं ते पाह्य आधी." हे सगळं मला पाठ होतं. अजूनही आहे.

हवा काढायला दोन माणसं लागतात, एक चाकाशी आणि एक पेडलवर. पेडलवर आई असायची. पदर खोचून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसायची, सणाचा स्वयंपाक अर्धा टाकून, हात पुरणाचे. चाकाखालून तुमचा आवाज यायचा, "दाब. दाब. धर." ती पेडल शेवटपर्यंत दाबून धरायची आणि मोठ्यानं म्हणायची, "धरला." तुम्ही पान्यानं चाकामागचं हवा सोडायचं निपल ढिलं करायचात, बाटलीत बुडबुडे सुटायचे, निपल कसलं की म्हणायचात, "सोड." असं दहा-पंधरा वेळा एका चाकाला. आईनं जन्मात गाडी चालवली नाही. तिला स्टिअरिंग धरायचीही भीती वाटायची. पण तिच्या पायाला जे कळायचं ते भल्याभल्या ड्रायव्हरांना कळत नसे. तुम्ही झालं म्हणून उठायला लागलात की ती वरून म्हणायची, "अजून हवा हाये जी. पेडल मऊ लागून राहिलं." आणि तुम्ही, जे रस्त्यावरच्या कुणाचंही ऐकायचे नाहीत, ते मुकाट्यानं परत आडवे व्हायचात.

एका वर्षी आईला बरं नव्हतं म्हणून मला बसवलंत. मी सहावीत असेन. रस्त्यावर कुणीतरी फुगे घेऊन चाललं होतं आणि माझं लक्ष तिकडे. "धर," म्हणालात. मी "धरला" म्हणालो, पण पाय अर्धाच होता. तुम्ही निपल उघडलं आणि तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली गेली. तुम्ही गाडीखालून बाहेर आलात, हाताला तेल, तोंडाला माती. मला वाटलं, आता बसते एक कानफटात. तुम्ही मारलं नाही. नुसतं म्हणालात, "भैताडा, नाई धरला तं नाई म्हन ना. मी तुया शब्दावर चाकाखाली हावो." आणि मग चारी चाकं पहिल्यापासून, उन्हात, दीड तास. माझी पोटरी भरून आली, रडूही आलं, पण तुम्ही उठू दिलं नाही. रात्री जेवताना आई तुम्हाला बोलली, सनाच्या दिवशी लेकराले रडवलं म्हणून. तुम्ही माझ्या ताटात तुमच्यातली अर्धी पुरणपोळी ठेवलीत. तूप जास्तीचं लावून.

आणि ती पिठाची गोष्ट आठवते का? कुणीतरी बडं गिऱ्हाईक होतं. घरी लग्न, वरातीला गाडी पाहिजे म्हणून भर दुपारी येऊन गॅरेजवर बसलं. मागच्या एका चाकाचं ब्रेकचं ड्रम तुम्ही उघडून ठेवलं होतं, आतलं रबर फाटलेलं, सामान नागपूरहून यायचं होतं. गिऱ्हाईक म्हणे, तसंच बसवून द्या, दोन किलोमीटर तर जायचंय. तुम्ही आत स्वयंपाकघरात आलात, गाडीची चावी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसलीत आणि आईला काही न बोलता परत बाहेर गेलात. थोड्या वेळानं ते गिऱ्हाईक ओट्यापर्यंत आलं, "वहिनी, मिस्त्री म्हनते चाबी घरात हाये." आई भाकरी थापत होती. त्याच डब्यातलं पीठ घेऊन. मान वर न करता म्हणाली, "मले काय मालूम बाप्पा, मी तं सकायपासून चुलीपुढं हावो." तो माणूस शिव्या घालत गेला, परत कधी आला नाही. संध्याकाळी आईनं चावी धुऊन खुंटीला लावली आणि तुम्ही दोघं इतके हसलात की ताई आणि मी पाहतच राहिलो. तुम्हा दोघांना तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

आता माझं ऐका. तुमचा शेवटचा दसरा झाला आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्ही गेलात. आईला मी अमरावतीला घेऊन आलो, गाडीही आणली. डिक्कीत चिंधीत गुंडाळलेला ब्रेक ऑइलचा डबा निघाला. अर्धा भरलेला. तुम्ही असता तर तो नटांवर ओतून कधीच संपला असता, तेवढे दिवसच तुम्हाला मिळाले नाहीत. मी तो फेकला नाही. कपाटात ठेवला. पुढच्या दसऱ्याला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी धुतली, हार घातला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, लिंबं ठेवली, आणि मग बोनेट उघडलं. टाकीतलं तेल रेषेच्या जरा खाली होतं. मी तुमचा डबा आणला आणि झाकणानं मोजून दोन झाकणं आत ओतली. डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, बाबांच्या हातचं आहे, बाबाच घालतायत. बायकोनं फोटो काढला. शेजारी म्हणाले, सर, आजकाल वडिलांसाठी एवढं कोण करतं? मला ते बरं वाटलं, बाबा. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मग तो रिवाजच झाला. दर दसऱ्याला हार, नारळ आणि तुमच्या डब्यातली दोन झाकणं. एखाद्या वर्षी तीन. इंजिन ऑइल वगैरे बाहेरून करून आणायचो, पण ब्रेकला कुणाला हात लावू द्यायचो नाही. कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणायचा, "सर, एकदा चाकं खोलून पाहू." मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचो, "ब्रेकचं माझ्या वडिलांनी करून ठेवलंय." सहा वर्षं मी हे वाक्य फेकत होतो. दर वर्षी तेल कमी का होतं, हा प्रश्न मला पडला नाही. भौतिकशास्त्र शिकवतो मी. बंद नळीतल्या द्रवाचा दाब चारी दिशांना सारखा कसा जातो, हे फळ्यावर गाडीच्या ब्रेकचंच चित्र काढून शिकवतो, आणि पोरांना सांगतो की माझे वडील ब्रेकचे मिस्त्री होते, त्यांनी हे मला गाडीखाली झोपून शिकवलं. पोरं टाळ्या वाजवतात. तुमचं काम मी टाळ्यांसाठी वापरलं आणि पूजेसाठी वापरलं. कामासाठी तेवढं वापरलं नाही.

यंदाच्या दसऱ्याला तेल बरंच खाली होतं. डब्यातलं होतं तेवढं सगळं ओतलं, डबा उपडा करून शेवटचा थेंबसुद्धा. घरात येऊन आईला म्हणालो, "बाबांचा डबा संपला." ती म्हणाली, "संपू दे. कधीचा झाला तो." चारेक दिवसांनी पेडल जरा खोल जायला लागलं. एकदा दाबलं की मऊ, सोडून परत दाबलं की कडक. मग मी दोनदा दाबायला लागलो. सवय होते माणसाला, बाबा, दोन दिवसांत होते. शुक्रवारी सकाळी क्लासला निघताना मागच्या डाव्या चाकाखाली फरशीवर ओला डाग दिसला, तळहाताएवढा. वाकून बोट लावलं, हुंगलं. आणि तो वास आला. तुमच्या हातांचा. शाळेतून आल्यावर तुम्ही डोक्यावरून हात फिरवायचात, केसांना जो वास राहायचा, गोडसर आणि उग्र, तोच. आई रात्री खोबरेल लावायची तरी जायचा नाही तो. मी तिथं पार्किंगमध्ये बोट नाकाशी धरून उभा राहिलो. कितीतरी वेळ उभा होतो. मग वर येऊन बायकोला म्हणालो, "आज बाबांची फार आठवण आली." आणि क्लासला गेलो. ऑटोनं गेलो, एवढी अक्कल होती. पण रविवारी आईला घेऊन अकोल्याला जायचं ठरलं होतं, तेव्हा ती अक्कल कुठं गेली कोण जाणे.

आईनं ताईसाठी चकलीची भाजणी केली होती. ताईला अजून भाजणी जमत नाही, कच्ची ठेवते नाहीतर जाळते. आईनं दोन दिवस बसून डाळी-तांदूळ भाजले, चक्कीवरून दळून आणले, स्टीलच्या मोठ्या डब्यात भरले, आणि तो डबा डिक्कीत ठेवू देईना. मांडीवरच घेऊन बसली. पट्टा मीच लावून दिला. कोपऱ्यावर मिस्त्रीचं दुकान बंद होतं, रविवार. मनात आलं, एसटीनं जाऊ. पण डबा, तिचे गुडघे, स्टँडवरची गर्दी. आणि पेडल दोनदा दाबलं की लागत होतंच की. साडेनऊला निघालो. बडनेऱ्याच्या चौकात थांबलो तेव्हा ती मला काहीतरी बोलली. ते शेवटी सांगतो. ते सांगायलाच बसलोय, पण अजून हात वळत नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एक पूल आहे, त्याच्या उतारावर आम्ही होतो. पुढे एक ट्रॅक्टर, ट्रॉलीत कापूस वेचायला निघालेल्या बाया, डोक्याला रुमाल बांधलेल्या. दहा-बारा तरी असतील. एकीच्या मांडीवर लहान पोर. मी ब्रेक दाबतो आणि पेडल तळाला जातं. पायाखाली काही नाहीच. दुसऱ्यांदा दाबतो, तिसऱ्यांदा. काहीच नाही. तुम्ही शिकवलेलं सगळं एका क्षणात आठवतं, आणि मी ते सगळं करतोही. चौथ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, इंजिन किंचाळतं. चावीला हात लावत नाही, स्टिअरिंग अडकेल म्हणून. हँडब्रेक हळूहळू ओढतो, आणि ती दांडी नुसतीच वर येते, कारण तिची केबल दोन वर्षांपासून ढिली आहे. हॉर्न वाजवतो. ट्रॉलीतल्या बाया हसत वळून पाहतात, त्यांना वाटतं, हा माणूस घाईत आहे. उजवीकडे ट्रक. ट्रॉली एवढी जवळ येते की मला त्या पोराच्या पायातले काळे दोरे दिसतात. डावीकडे रस्त्याची कड आणि पलीकडे काळं शेत, नांगरलेलं. वाटलं, शेतात घातली की माती धरेल. मी डावीकडे घेतो. शेताच्या आधी एक कडुनिंब होता. तो मला दिसला नाही असं मी पोलिसांना सांगितलं. दिसला होता. तोवर गाडी माझी राहिली नव्हती.

गाडीची डावी बाजू झाडावर गेली. म्हणजे आईची.

सगळीकडे भाजणी उडाली होती. तिच्या केसांवर, पापण्यांवर, काचेवर. ती शुद्धीत होती. मला म्हणाली, "तुले लागलं काय रे?" मला ओरखडासुद्धा आलेला नव्हता. त्या ट्रॉलीतल्या बायाच धावत आल्या, त्यांनीच दार ओढून काढलं, त्यांनीच तिला उचललं. एकीनं आपल्या रुमालानं तिचं तोंड पुसलं. त्या बाईला नंतर कुणीतरी सांगितलं की त्यांच्यासाठी मी गाडी झाडावर घातली. आठ दिवसांनी ती दवाखाना शोधत अकोल्याला आली. पिशवीभर सीताफळं घेऊन. वॉर्डच्या बाहेर माझ्या पायाला हात लावायला वाकली आणि म्हणाली, "दादा, तुमी देवासारखे आले, माया नातू वाचला." मी मागे सरकलो तर तिला वाटलं, किती साधा माणूस आहे. ताई शेजारी उभी होती, ती रडायला लागली. तेव्हापासून ताई हीच गोष्ट सगळ्यांना सांगते. माया भावानं आपल्या मायचा जीव पनाला लावला पन दहा जणी वाचवल्या. तेराव्यालाही सांगितलं. सगळ्यांसमोर, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी खाली मान घालून बसलो होतो आणि लोक म्हणत होते, पहा, किती दुःख झालंय.

दवाखान्यात आई पहिले काही दिवस बोलायची. कमरेचं हाड, बरगड्या, आणि छातीत पाणी व्हायला लागलं होतं. तरी ताईला विचारायची, भाजणी वाया गेली का सगळी? ताईनं खोटंच सांगितलं, अर्धी निघाली म्हणून. गाडीविषयी कुणी काही बोललं की म्हणायची, "त्याले बोलू नका. गाडीच जुनी झाली व्हती." हे म्हणताना ती माझ्याकडे पाहायची नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नवव्या-दहाव्या दिवसापासून तिचं बोलणं तुटक झालं. एका सकाळी तिचा उजवा पाय चादरीखाली हलत होता. दाबल्यासारखा खाली जायचा, थांबायचा, मग सुटायचा. परत खाली. ओठ हलत होते. ताई वाकून म्हणाली, "काय होऊन राहिलं आई? पाय दुखते काय?" सिस्टर म्हणाली, गोळा आला असेल, आणि पोटरी चोळायला लागली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो, मला ऐकू येत होतं. "धरला," ती म्हणत होती. बारीक आवाजात, परत परत. "धरला. धरला." तिला कुणी सोड म्हणत नव्हतं. ताईनं मला विचारलं, "काय म्हनते रे ती?" मी म्हणालो, समजत नाही. मी तिला 'सोड' म्हणायला पाहिजे होतं, बाबा. तुम्ही नव्हता, मीच म्हणायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. दोन दिवसांनी ती गेली.

मी परत क्लासला यायला लागलो. महिन्याभरानं तो धडा आला. फळ्यावर नेहमीचं चित्र काढायला गेलो, पेडल, नळी, चाक, आणि खडू तसाच धरून उभा राहिलो. हिवरखेडकडची एक पोरगी आहे, पहिल्या बाकावर बसते, फार हुशार. तिनं विचारलं, "सर, मंग गाडीचे ब्रेक फेल काहून होते?" तिला काही माहीत नव्हतं. मागच्या पोरांना होतं, त्यांनी तिला गप्प केलं. मी म्हणालो, पुढच्या तासाला सांगतो. तो तास अजून घेतला नाही. त्या धड्याच्या झेरॉक्स वाटून टाकल्या.

पोलिसांकडून गाडी सोडवून आणली, ती ताईच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. भंगारवाला येऊन गेला. ताई देऊ देत नाही, म्हणते, बाबांची गाडी आहे. मागच्या रविवारी गेलो होतो तेव्हा ताई चहा ठेवायला आत गेली आणि मी ताडपत्री वर करून मागचं डावं चाक पाहिलं. ड्रमच्या आतून तेल खालपर्यंत ओघळलेलं, त्यावर धूळ बसून घट्ट झालेली. जुना ओघळ. महिन्यांचा. पोरसवदा मिस्त्रीलाही दिसला असता. ताई कप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "कायले पाहतं बाप्पा परत परत? झालं ते झालं, तुया काय दोष?" तेव्हा सांगायला पाहिजे होतं. चहा प्यालो. साखर जास्त झाली म्हणालो.

आता बडनेऱ्याचं. चौकात लाल दिवा होता. मी ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. मग गाडी थांबली. आईनं मांडीवरचा डबा सावरला आणि माझ्या पायाकडे पाहिलं. मी सांगितलं ना, तिच्या पायाला कळायचं, आणि ती शेजारी बसली होती. म्हणाली, "काहून दोन-दोनदा दाबून राहिला रे? मऊ लागते काय?" इतकं सरळ विचारलं तिनं. हो म्हणालो असतो तर तिनं तिथंच गाडी बाजूला घ्यायला लावली असती, आणि चावी त्या भाजणीच्या डब्यात टाकायलाही तिनं कमी केलं नसतं. बडनेऱ्याहून अकोल्याला रेल्वेच्या गाड्याच गाड्या आहेत. मी हसलो आणि म्हणालो, "नाही गं, सवय आहे. बाबा नव्हते का रोज सकाळी दाबून पाहायचे? त्यांचंच पाहून." तिचा चेहरा मोकळा झाला. "हो," म्हणाली, "ते तं तीन-तीनदा दाबत." आणि सीटला डोकं टेकवून तिनं डोळे मिटले. पुलापर्यंत ती झोपलेली होती.

वर्गाच्या बाहेर चपलांचे आवाज यायला लागलेत, चारची बॅच आली. हे पत्र खरं म्हणजे ताईला लिहायला पाहिजे होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही गाडीखालून बाहेर येऊन मला काही विचारणार नाही. आता हे कागद घडी करून कपाटात तुमच्या रिकाम्या डब्यामागे ठेवीन. रविवारी ताईकडे जायचंय, आणि तिनं परत विचारलं, अचानकच झालं ना रे सगळं, तर मी हो म्हणेन.